स्टंट स्कूटर घेताना आधी रस्ता बघा

पायानं ढकलायची स्टंट स्कूटर घ्यायला दुकानात जायच्या आधी एक काम करा. सकाळी सहाच्या सुमारास, गर्दी सुरू व्हायच्या आत, जिथं स्कूटर चालवायचा विचार आहे तिथं पायी एक चक्कर मारून या. खिशात रुपयाची दोन नाणी ठेवा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक नाणं उभं घालून बघा. ते अडलं तर जमीन चांगली. दोन्ही नाणी एकदम आत गेली आणि वर ब्लॉकही खाली-वर झालेले असले, तर अरुंद चाकाची स्कूटर तिथं तुमचे तळहात बधिर करणार हे धरून चला. सिमेंटचा रस्ता असेल तर दोन स्लॅबमधल्या जोडावर पाय घासून बघा, डांबर भरलेलं आहे की खाच तशीच उघडी आहे. कठडे, पायऱ्या, फुटपाथची कड, सगळ्याला हात लावून या. तुमची स्कूटर कशी हवी हे निम्मं या चकरेतच ठरतं.

मी छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात राहतो. कॉलनीतली पोरं स्कूटर घ्यायच्या आधी माझ्याकडं येतात, मागून त्यांचे वडील येतात, आणि दोघांचे प्रश्न वेगळे असतात. पोराला रंग आणि वजन विचारायचं असतं, वडिलांना किंमत. जमिनीबद्दल कुणीच विचारत नाही. ज्या व्हिडिओ बघून ही आवड लागते त्यात काचेसारखं काँक्रीट असतं, आपल्या वाट्याला येतात पेव्हर ब्लॉक, शहाबादी, कोबा आणि मधेच ड्रेनेजचं झाकण. म्हणून हा लेख मी जमिनीपासून वर असा लिहितोय: आधी चाक, मग डेक, म्हणजे उभं राहायची फळी, मग हँडल. खरेदीही याच क्रमानं करा.

सगळ्यात आधी: ही स्कूटर कोणती

आपल्याकडं स्कूटर म्हटलं की पेट्रोलची गाडी डोळ्यापुढं येते, त्यामुळं दुकानात ‘पायानं ढकलायची स्टंट स्कूटर’ असं पूर्ण सांगा. तेवढ्यानंही बहुतेक ठिकाणी समोर येते ती घडीची स्कूटर. हँडलच्या मुळाशी बिजागरी, हँडल खाली-वर करायला खटका, पातळ फळी. २००० सालाच्या आसपास अॅल्युमिनियमच्या घडीच्या स्कूटरची जगभर लाट आली. पोरांनी त्यावरच उड्या मारायला सुरुवात केली, बिजागऱ्या तुटायला लागल्या, आणि त्यातूनच घडी नसलेली, मान थेट डेकला वेल्ड केलेली स्टंट स्कूटर आकाराला आली.

तेव्हा पहिली परीक्षा सोपी आहे. घडी होत असेल, किंवा हँडलची उंची खटक्यानं बदलत असेल, तर ती स्कूटर शाळेत-क्लासला जायला उत्तम, पण उडी मारायला नाही. आमच्या गल्लीतल्या एका लेकराची अशी बिजागरी फुटपाथवरून उतरताना उघडली. उंची जेमतेम वीतभर होती. हनुवटीला चार टाके पडले. त्या दिवसापासून घडीची स्कूटर घेऊन कुणी ‘काका, हिच्यावर हॉप शिकवा’, म्हणजे स्कूटरसकट उडी मारायला शिकवा, म्हणालं की मी सरळ नाही म्हणतो.

दुसरी गोष्ट, पार्क आणि स्ट्रीट यातला फरक. पार्कची स्कूटर म्हणजे उताराच्या, गोलाईच्या रॅम्पवर उंच उडायला केलेली: हलकी, डेक अरुंद, कडा निमुळत्या. स्ट्रीटची स्कूटर कठड्यावर घासायला, पायऱ्यांवरून उतरायला, सपाट जमिनीवर आपटायला केलेली. तिचा डेक रुंद आणि चौकोनी, चाक जाड, वजन थोडं जास्त. मराठवाड्यात रॅम्प शोधत बसण्यापेक्षा रस्ता हाताशी आहे. त्यामुळं ‘सगळ्यात हलकी कोणती’ हा प्रश्न सोडून द्या. चार-सव्वाचार किलोची स्कूटर रस्त्यावर तीन किलोच्या स्कूटरपेक्षा शांत चालते.

चाक: पैसे इथं घाला

बाजारात चाकाचे तीन व्यास दिसतात: १००, ११० आणि १२० मिलिमीटर. १०० मिमीचं चाक लहान मुलांच्या स्कूटरला ठीक, आपल्या पेव्हर ब्लॉकवर ते फटीत अडखळतं. नवशिक्यानं ११० घ्यावं. बहुतेक फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे चिमटे, आणि डेक त्यासाठीच केलेले असतात, बदली चाक मिळणं सोपं जातं. १२० मिमीचं चाक खड्ड्यावरून जास्त सहज जातं, पण ते तुमच्या फोर्कमध्ये आणि डेकच्या मागच्या खाचेत बसतं का हे आधी विचारा. ‘थोडं घासतंय, नंतर जागा होईल’ असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. चाकाला घासून जागा होत नसते, चाक झिजतं.

जाडी साधारणपणे २४ मिमी असते. खास स्ट्रीटची चाकं ३० मिमीची मिळतात, आणि नाण्याची परीक्षा नापास झालेल्या जमिनीवर हा सहा मिलिमीटरचा फरक पहिल्या ढकलण्यातच हाताला कळतो. ३० मिमीचं चाक बसायला फोर्क आणि डेक दोन्ही तेवढे रुंद लागतात. सुरुवातीला ते मिळालं नाही म्हणून अडू नका, पण नंतर बसवता येईल का एवढं मात्र खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा.

आता चाकाच्या आत बघा, सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. बाहेरचा थर पॉलियुरेथेनचा असतो, त्याचा कडकपणा चाकावर छापलेला असतो, बहुतेक ८६ए किंवा ८८ए. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. ८६ए थोडं मऊ, खडबडीत जमिनीचे झटके जास्त गिळतं. आपल्याकडं मी तेच सुचवतो. आतला गाभा अॅल्युमिनियमचाच पाहिजे. प्लॅस्टिकचा गाभा असेल तर ती स्कूटर स्टंटची नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. माझी पहिली स्कूटर मी ऑनलाइन मागवली होती, खोक्यावर मोठ्या अक्षरात स्टंट लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात फुटपाथच्या कडेवर मागचं चाक आपटलं आणि प्लॅस्टिकचा गाभा बेअरिंगभोवती भाकरीसारखा तुटला. तेव्हापासून मी चाकावर नख मारून बघतो. धातू आणि रंगवलेलं प्लॅस्टिक यांचा आवाज एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही.

गाभ्यातही आरे असलेला आणि भरीव असे प्रकार आहेत. आऱ्यांचं चाक हलकं, दिसायला देखणं, पण कडेवर तिरकं आपटलं तर वाकतं. रस्त्यासाठी भरीव किंवा आतून पोकळ पण अखंड भिंतीचा गाभा घ्या.

बेअरिंगबद्दल चांगली बातमी आहे. जगभरच्या स्टंट स्कूटरना बहुतांशी ६०८ नंबरचं बेअरिंग लागतं: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हेच बेअरिंग मशिनरीत सर्रास वापरतात, त्यामुळं संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, कुठल्याही गावातल्या बेअरिंगच्या दुकानात ते मिळतं. मागताना ‘६०८ टूआरएस’ म्हणा. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. पत्र्याचं झाकण असलेल्या झेडझेडपेक्षा हे धूळ जास्त अडवतं. आणि आपल्याकडं धुळीचा प्रश्न खरा आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकाला लागून काळी माती डांबरावर येते, ऊन पडलं की तिचं पीठ होतं, आणि ते पीठ बेअरिंगमध्ये गेलं की चाक करकरायला लागतं. खोक्यावरच्या एबेकच्या आकड्याला मात्र भुलू नका. १, ३, ५, ७, ९ अशी ती मोजणी बेअरिंग किती अचूक मापात बनलंय हे सांगते. उडीचा दणका ते सोसेल की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. काही खोक्यांवर एबेक ११ छापलेलं असतं, त्या मोजणीत असा आकडाच नाही.

डेक: बुटाच्या मापानं

तुमचा रोजचा सपाट बूट डेकवर ठेवून बघा. पार्कचे डेक साडेचार-पावणेपाच इंच रुंद असतात, स्ट्रीटचे पाच इंचापासून सहा इंचापर्यंत. नवशिक्या मोठ्या माणसाला पाच ते साडेपाच इंच पुरे होतात. बाराएक वर्षांच्या मुलाला साडेचार-पावणेपाच घ्या, नाहीतर डेक फिरवायला जड जातो. लांबी लहानांना १९-२० इंच, मोठ्यांना २०.५ ते २२. पाय तिरके ठेवून दोन्ही टाचा डेकच्या आत राहतात का, ही खरी कसोटी.

रस्त्यासाठी डेकचा तळ सपाट आणि टोकं चौकोनी असलेली बरी. कठड्यावर डेक आडवा घासायचा तर सपाट तळ स्थिर बसतो, गोल तळ कुठंही घसरतो. मागचा ब्रेक पोलादाच्या एका पट्टीचा, चाकावर वाकलेला असावा. स्प्रिंगचा खटखटणारा ब्रेक घडीच्या स्कूटरला शोभतो.

आता वाकून मान बघा. मान म्हणजे जिथं डेक वर वळून हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, मिळतो तो भाग. सगळा दणका तिथं जातो. वेल्डची रेघ सलग, एकसारख्या खवल्यांची आहे का, दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, ते मोबाईलचा टॉर्च लावून बघा. जुनी स्कूटर घेत असाल तर हे दोनदा करा, आणि डेकचा तळही पालथा करून बघा. केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची आहे का चिरेची, हे ठरवायला तिच्यावर ओलं बोट फिरवा. चिरेत पाणी जातं आणि रेघ गडद होते.

इथं मला एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण आपल्या भागात हा मोह प्रत्येकाला होतो. वाळूज, चिकलठाणा एमआयडीसीमुळं आपल्याकडं हातात जादू असलेली माणसं आहेत. लेथवर हवा तो तुकडा कातून मिळतो, टिग वेल्डिंग करणारे गल्लीगल्लीत आहेत. त्यामुळं डेक चिरला की पहिला विचार येतो, वेल्ड करून आणू. मीही आणला. ज्या मामांनी वेल्ड केलं त्यांनी आधी डेक उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, “कशानं चिरलं हे? उड्या मारायलास का यावर?”

“हो मामा.”

“वेल्ड करून देतो. पण उडी मारू नको. तुटंल.” मग त्यांनी वेल्डच्या जागेपासून अर्धा इंच बाजूला खडूनं रेघ ओढली. “इथून तुटंल. माझ्या वेल्डमधून नाही, इथून.”

दोन महिन्यांनी डेक बरोबर त्या खडूच्या रेघेवर तुटला.

कारण असं आहे. हे डेक बहुधा ६०६१ नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यावर टी६ प्रकारची उष्णताप्रक्रिया केलेली असते. धातू पाचशे अंशांच्या वर तापवून झटक्यात थंड करतात, मग दीड-पावणेदोनशे अंशांवर कित्येक तास ठेवतात. ताकद या प्रक्रियेतून येते. वेल्डची आच लागली की आजूबाजूच्या पट्ट्यात ती प्रक्रिया उलटते आणि धातूची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. वेल्ड कितीही सुंदर असू दे, शेजारचा धातू मऊ पडलेला असतो. कारखान्यात वेल्ड आधी करतात आणि नंतर पूर्ण डेकवर ही प्रक्रिया करतात. गल्लीतल्या दुकानात ती भट्टी नसते. तेव्हा चिरलेला डेक वेल्ड करून लहान भावाला देऊ नका, धाकट्या पोरांना विकूही नका. भंगारात द्या.

पोलादाचं हँडल वाकलं-चिरलं तर गोष्ट थोडी वेगळी आहे, पण तिथंही वेल्ड करून उड्या मारा असं मी कुणाला सांगणार नाही.

हँडल: कापता येतं, वाढवता येत नाही

डेकवर सरळ उभे राहा, हात सैल सोडा. हँडलच्या मुठी कमरेच्या हाडापासून बेंबीपर्यंतच्या पट्ट्यात आल्या पाहिजेत. त्याहून खाली असेल तर पाठ वाकते, फार वर असेल तर हॉप मारताना हात ओढता येत नाहीत. रुंदी साधारण खांद्याएवढी. मूल वाढीच्या वयात असेल तर किंचित उंच हँडल घ्या. जास्तीचा भाग पाइप कापणाऱ्याकडून कापून घेता येतो, मात्र कापल्यावर कडा कानशीनं घासा. मुठींच्या टोकांना बूच हवंच. उघड्या नळीचं टोक पोटात घुसलं तर फार वाईट जखम होते. बूच हरवलं असेल तर त्या दिवशी स्कूटर काढू नका.

धातू तीन: पोलाद, अॅल्युमिनियम, टायटॅनियम. नवशिक्याला पोलाद. क्रोमोलीचं, म्हणजे ४१३० पोलादाचं मिळालं तर उत्तम. जड असतं, पण तुटायच्या आधी वाकतं, म्हणजे इशारा देतं. अॅल्युमिनियम हलकं, पण त्याची चीर आतल्या आत वाढते आणि एक दिवस अचानक दगा देते. टायटॅनियम सुंदर असतं, पण त्या पैशात दोन वर्षांचे चाक-बेअरिंग येतात.

क्लॅम्पच्या आत काय दडलंय

इथं लोक गोंधळतात आणि चुकीचा भाग मागवून पैसे घालवतात. फोर्क, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं तो हेडट्यूबचा बेअरिंग-संच) आणि हँडल एकमेकांना घट्ट दाबून धरणारी जी व्यवस्था असते तिला कॉम्प्रेशन म्हणतात. तिचे प्रकार चार, आणि तुमच्या स्कूटरला कोणता आहे हे पाठ पाहिजे, कारण फोर्क, हँडल किंवा क्लॅम्प, म्हणजे हँडलच्या मुळाशी बोल्टांनी आवळायची पकड, काहीही बदलायचं झालं तर यावरून ठरतं.

आयएचसी बहुतेक तयार स्कूटरना असतं. हलकं, साधं, नवशिक्याला पूर्ण पुरतं. यात हँडलच्या खालच्या टोकाला उभी चीर असते, आणि हँडलची नळी मूळ मापाची, म्हणजे ३१.८ मिमी बाहेरच्या व्यासाची चालते.

एचआयसीत फोर्कच्या दांड्यावर एक नळकांडं बसवतात आणि त्यावर जाड, ३४.९ मिमीचं हँडल चढतं. इथंही हँडलला चीर लागते. मजबूत आहे.

एससीएस अमेरिकेतल्या प्रोटो कंपनीनं आणलं, आणि स्ट्रीट चालवणारे यालाच जास्त पसंत करतात. क्लॅम्प उंच असतो. खालच्या बोल्टांनी फोर्क धरायचा, वरच्या बोल्टांनी हँडल, आणि दोन्हींच्या मधला बोल्ट क्लॅम्पच्या आत. यात हँडलला चीर अजिबात चालत नाही. चिरीचं हँडल असेल तर चिरीचा भाग कापावा लागतो, तेवढी उंची कमी होते.

आयसीएस जुनं. हँडलच्या आत स्टारनट, म्हणजे नळीत घट्ट अडकलेला नट, आणि फोर्कखालून वर जाणारा लांब बोल्ट. घट्ट करायचं म्हणजे दरवेळी पुढचं चाक काढा. जुन्या स्कूटरमध्ये दिसलं तर चालेल, नव्यानं मागू नका.

पहिल्या स्कूटरला आयएचसी असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नका. मात्र हेडसेट इंटिग्रेटेड, म्हणजे बेअरिंग हेडट्यूबच्या आत बसणारा हवा, आणि त्यात सुट्या गोळ्यांऐवजी सीलबंद बेअरिंग हवं.

दुकानात, खोकं उघडल्यावर

पहिली स्कूटर तयार, पूर्ण जोडलेलीच घ्या. सुटे भाग जमवून स्कूटर बांधण्यात मजा आहे, पण ती दुसऱ्या स्कूटरला. आत्ता तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही की रुंद डेक आवडतो की अरुंद. एन्व्ही, डिस्ट्रिक्ट, टिल्ट, एथिक अशी नावं तुम्ही व्हिडिओत ऐकली असतील. चांगली आहेत, पण परदेशातून मागवायचं झालं तर किमतीवर आयात शुल्क आणि पाठवणी चढते, आणि माप चुकलं तर परत करणं जिकिरीचं. डेकॅथलॉनच्या दुकानात स्कूटर हात लावून, उभं राहून बघता येते, हा तिचा मोठा फायदा. कुठलीही घ्या, पण या तीन चाचण्या करूनच पैसे द्या.

स्कूटर अर्धा फूट उचला आणि दोन्ही चाकांवर सरळ सोडा. आवाज एकच, भरीव ‘ठप’ यावा. खडखड आली तर काहीतरी सैल आहे. सैल असणं दुरुस्त होतं, पण दुकानदाराला तिथंच करून दाखवायला सांगा. तो गांगरला तर पुढं सर्व्हिसची अपेक्षा ठेवू नका.

मग पुढचं चाक भिंतीला टेकवून हँडल पुढं-मागं हलवा. हेडसेटमध्ये हालचाल जाणवली तर कॉम्प्रेशन सैल. त्याच वेळी हँडल गोल फिरवून बघा, अडकता कामा नये.

शेवटी चाक हातानं फिरवून समोरून बघा. डोलत असेल तर गाभा वाकडा.

वजनाची मर्यादा खोक्यावर छापलेली असते, बऱ्याच मोठ्या स्कूटरना १०० किलो. ती उभं राहून चालवण्याची मर्यादा समजा आणि उडीसाठी हातचं राखून ठेवा.

पैशांची विभागणी माझ्या मते अशी करा: ठरवलेल्या रकमेतला चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवायचा. त्यात हेल्मेट, गुडघ्या-कोपराचे पॅड, एक जोडी जादा बेअरिंग आणि एलन कीचा, म्हणजे षटकोनी चाव्यांचा, संच. स्कूटर उरलेल्यात बसवा. वडिलांना माझं एवढंच सांगणं असतं की स्कूटर एक पायरी खालची घ्या, पण हेल्मेट टाळू नका. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही, जड असतं आणि मान दुखवतं. सायकल-स्केटिंगच्या हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा स्केटबोर्डच्या हेल्मेटवर एएसटीएम एफ१४९२ असं लिहिलेलं बघा. ज्या हेल्मेटनं एकदा जोराचा मार खाल्ला ते बदला, वरून चांगलं दिसत असलं तरी. बूट सपाट तळाचे, घोटा झाकणारे असले तर अजून बरं, कारण डेक फिरवायला शिकताना तो नेमका घोट्याच्या हाडावर येऊन बसतो.

घरी आणल्यावर

कॉम्प्रेशन कसं आवळायचं ते पहिल्या दिवशीच शिका. क्लॅम्पचे बोल्ट आधी पूर्ण सैल करायचे. मग आतला कॉम्प्रेशनचा बोल्ट हळूहळू आवळायचा. हेडसेटची हालचाल थांबली पण हँडल मोकळं फिरतंय, तिथं थांबायचं. हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत आणायचं आणि क्लॅम्पचे बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळायचे. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळून मग दुसऱ्याकडं गेलात तर क्लॅम्प तिरका बसतो आणि आटे जातात. एम६ बोल्टला ५ मिमीची, एम८ ला ६ मिमीची एलन की लागते. पहिला आठवडा रोज तपासा, नवी स्कूटर सैल होतेच.

बेअरिंग करकरलं तर पाण्यानं धुऊ नका. टाचणीनं रबरी सील हलकेच उचला, रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये घोळवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, सील पुन्हा बसवा. हे काम गॅसपासून लांब, गच्चीवर करा. गंज सोडवायचा फवारा मारून भागवू नका, तो आतलं तेलही धुऊन काढतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना स्कूटर गॅलरीतल्या उन्हात ठेवू नका. काळा डेक हात लावू देत नाही आणि त्याच्यावरच्या खरखरीत ग्रिपटेपचा गोंद सुटतो.

कुठं चालवायची

आमच्याकडं सिडकोतल्या आतल्या सेक्टरचे सिमेंटचे रस्ते सकाळी साडेआठपर्यंत निवांत असतात, तिथं ढकलणं, वळणं, हॉप आणि मागच्या चाकावर तोल सांभाळणं, म्हणजे मॅन्युअल, सगळं शिकता येतं. जालना रोडवर किंवा कुठल्याही वाहत्या रस्त्यावर ही स्कूटर न्यायचीच नाही. गुलमंडी, पैठण गेट, लातूरची गंज गोलाई, ही बाजाराची ठिकाणं आहेत. तिथं पायी माणसाला जागा नाही, आपली कुठली? गावात क्रीडा संकुल असेल तर तिथल्या अधिकाऱ्यांना भेटून विचारा. स्केटिंगच्या मुलांना वेळ देतात, आपल्यालाही देऊ शकतात, पण हेल्मेट डोक्यावर घालूनच विचारायला जा.

आपलं शहर दरवाजांचं आहे. त्या दरवाजांच्या आणि जुन्या तटाच्या दगडी ओट्यांवर, मकबऱ्याच्या किंवा पाणचक्कीच्या आवारात डेक घासायचा विचारही करू नका. ते दगड शेकडो वर्षांपासून आपल्यासाठी थांबलेले आहेत, त्यांच्यावर आपल्या अॅल्युमिनियमचा एकही ओरखडा नको.

घासायला, म्हणजे ग्राइंडला, स्वतःच्या सोसायटीचा सिमेंटचा कठडा बघा, परवानगी घेऊन. कच्चं सिमेंट डेकला पकडून ठेवतं आणि तुम्ही तोंडावर पडता, म्हणून कडेवर साधी मेणबत्ती घासतात. दोन हात लांबीला चार-पाच वेळा, बस. जास्त मेण लावलं तर आधी तुम्ही घसरता, आणि संध्याकाळी त्याच कठड्यावर बसायला येणारे आजोबा घसरतात. निघताना जुन्या फडक्यानं पुसून घ्या. शहाबादीची कड टाळा. ती थर सुटून तुटते, आणि बिल सोसायटी तुमच्या घरी पाठवते. ग्रॅनाइटची कड सगळ्यात छान घसरते, मेणही लागत नाही, पण ती बहुधा कुणाच्या तरी दुकानाची पायरी असते. त्या दुकानदाराला शटर उघडायच्या आधी भेटा, नाव सांगा, किती वेळ थांबणार ते सांगा. आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्या काकांनी पोरांना रविवारी सकाळी सात ते आठ असा एक तास दिलाय, अट एकच: जाताना पायरी झाडून जायची.